मागच्या इमारतीचे पान

बाळकुमच्या आमच्या संकुलात पुढे तीन मनोरे आहेत आणि त्यांच्या पाठीशी आमची इमारत. जमीन मुळात माझ्या शेजारच्या आजींची. भाताचे शेत देऊन त्यांना सातव्या मजल्यावर घर मिळाले. मी त्यांचा जुना भाडेकरू, म्हणून मलाही शेजारीच घर मिळाले. अर्जलेखन हा माझा व्यवसाय. शिक्षण आठवीपर्यंत झाले. परंतु माझा अर्ज भाषेच्या दोषासाठी कोणत्याही कचेरीने परत केलेला नाही.

म्हणूनच पाणी, वीज, लिफ्ट यांची स्थिती रहिवाशांना मोबाईलवर दिसावी यासाठी समितीने स्टेटस पेज उभारले, तेव्हा मराठी मजकुरासाठी मला पाचारण केले. एक मुख्य पान आणि प्रत्येक इमारतीचे स्वतंत्र उपपान. ‘सेवा सुरळीत’ आणि ‘सेवा बंद’ हे शब्द माझे. मजकूर भरण्याचा पासवर्डही माझ्याकडे होता.

पुढे आमची लिफ्ट बिघडली. आजींचे डायलिसिस चालू. मुलगे त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्याने उतरवू लागले. आमच्या पानावर मी लाल अक्षरांत ‘सेवा बंद’ लिहिले. मुख्य पान मात्र हिरवेगार. सचिव पुढच्या मनोऱ्यात राहतात, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी थंडपणे सांगितले की मुख्य पानाला पुढचे तीन मनोरेच जोडले आहेत, कारण घर बघायला येणारी माणसे तेच पान बघतात. दुरुस्तीवाल्याला फोनही तेच पान पाहून जात असे.

“तुम्हाला वेगळं पान दिलंय ना, अर्जवाले? तिथे लिहा हवं तेवढं.”

हे वाक्य आठवले की आजही माझे डोके तापते. ज्या बाईच्या शेतावर यांचे मनोरे उभे, तिची अडचण कोणाला दिसू नये म्हणून तिला वेगळे पान! मी लेखी निवेदन दिले. सचिवांनी त्याची पोचसुद्धा दिली नाही.

एका रविवारी जिन्याच्या वळणावर खुर्चीचा पाय मोडला. मुलाने आजींना कसेबसे सावरले. त्या पायरीवरच बसल्या आणि म्हणाल्या, “आता मना नको नेव.” डायलिसिस चुकले.

मी घरात गेलो. मुख्य पानावर सणांच्या शुभेच्छांसाठी एक पट्टी ठेवलेली होती. तीत लिहिले : ‘मागील इमारतीची लिफ्ट बंद. सातव्या मजल्यावरील रुग्णास रुग्णालयात नेता येत नाही.’

थोड्याच वेळात सचिवांचा फोन आला. “अहो, ते काढा आधी. खाली गिऱ्हाइकं आलीत.”

“मेकॅनिक पाठवा. काढतो.”

इतके दिवस न सापडलेला मेकॅनिक संध्याकाळच्या आत हजर झाला. मी पट्टीवरचा मजकूर काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी आजी लिफ्टने उतरल्या. रिक्षात बसताना मला म्हणाल्या, “तुझ्या त्या पानावं लिव रं, म्हातारी खाली आयली.”

लिहायला बसलो, तर पासवर्ड बदललेला होता.