दांडी न धरणारा कंडक्टर

तानबाजींनी एसटीतली सगळी नोकरी आर्वी-पुलगाव गाडीवर काढली, आणि तीही कुठे हात न टेकवता. खड्ड्यांनी प्रवाशांची हाडं खिळखिळी व्हायची, वळणावर माणसं एकमेकांच्या अंगावर जायची. तानबाजी मात्र मधल्या वाटेत ताठ उभे. एका हातात तिकिटं, दुसऱ्यात सुटे पैसे. दांडी धरायला तिसरा हात देवानं दिला नव्हता, आणि दिला असता तरी त्यांनी धरली नसती. प्रवाशांच्या नावानं मात्र दिवसभर ओरडायचे, "धरून उभे राहा, धरून!"

हा ताठा निवृत्तीनंतर रोहण्याच्या घरी, न्हाणीघरात एका साबणाच्या वडीवर संपला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं, पण डॉक्टर म्हणाले, महिनाभर रात्रंदिवस कुणीतरी जवळ हवं आणि रोज व्यायाम हवा. मुलगा निकेश याचं आर्वीला कृषी केंद्र. पेरणीचे दिवस, बियाण्यासाठी दुकानासमोर ही गर्दी. सून आचल शाळेत शिकवायची आणि शाळा नुकतीच उघडलेली. म्हणून पवनारच्या अलीकडे 'विसावा' नावाचं केंद्र होतं, तिथं त्यांना ठेवायचं ठरलं.

"वृद्धाश्रमात टाकून राह्यला का मले?" तानबाजींनी वाटेत विचारलं.

"बाबा, वृद्धाश्रम नाई हो ते. थोड्या दिवसांसाठीच ठेवतात तिथं. तुमी चालाले लागले का मंग घरी."

"म्हंजे रिटर्न तिकीट हाये."

"आहे."

"दाखव."

निकेशनं कपाळाला हात लावला.

केंद्र तसं नीटनेटकं होतं. कुणी ऑपरेशननंतर आलेलं, कुणाच्या घरचे लग्नाला गेलेले. तानबाजींची देखभाल रक्षाकडे होती. सेलूकडची, हसरी, पण नियमाची पक्की पोरगी. तिनं पहिल्याच दिवशी खाटेजवळची घंटी समजावून सांगितली. एकदा दाबली की कुणीतरी येणार. दोनदा दाबली म्हणजे तातडीचं, सगळे धावत येणार.

तानबाजींनी मान डोलावली. पण त्यांच्या उभ्या जन्मात एक घंटी म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे जाऊ द्या. रक्षानं गोळ्या दिल्या, पाणी दिलं, पांघरूण नीट केलं. काम झालं. तानबाजींनी सवयीनं डबल दिली.

रक्षा दारातून उलटी पळत आली. मागून झारा हातात घेतलेला आचारी, आणि त्याच्यामागून एकाच पायात चप्पल घातलेले व्यवस्थापक योगेंद्र.

"काय झालं आबाजी?" रक्षानं धापा टाकत विचारलं.

"कुठं काय? डबल दिली ना. निघा आता."

हे आणखी दोनदा झालं, तेव्हा कुठं ती सवय सुटली. वॉकरही त्यांनी मुकाट्यानं घेतला, कारण त्याला पुढून चाकं होती. अडलं ते न्हाणीघरात. तिथं भिंतीला स्टीलची दांडी होती, आणि तानबाजी तिला शिवायला तयार नव्हते.

दार अर्धवट लोटून रक्षा बाहेरून विचारायची, "आबाजी, दांडी धरली का?"

"नाई."

"काऊन?"

"चालत्या गाडीत नाई धरली, आता उभ्या न्हाणीत धरू का?"

"गाडीत तुमचा खुबा सही-सलामत होता!"

योगेंद्र येऊन समजावून गेले. पडण्यानं काय काय होतं ते त्यांनी चित्रं दाखवून सांगितलं. तानबाजींनी सगळी चित्रं लक्ष देऊन पाहिली आणि दांडी धरली नाही.

शेजारच्या खोलीत प्रमिलाबाई होत्या. गिरडचं किराण्याचं मोठं घर, पण माहेर रोहण्याकडचं. गुडघ्यांनी बेजार, घरचे लग्नाला गेले म्हणून इथं आलेल्या. एका दुपारी व्हरांड्यात चहा पिता पिता त्या तानबाजींकडे टक लावून पाहू लागल्या.

"तुमी पुलगाव गाडीवर होते ना?"

"होतो," तानबाजी खुशीत म्हणाले.

"म्हंजे तुमीच ते! सगळ्या गाडीसमोर मले बोललते. मी दांडी सोडून केस बांधून राह्यलती, तं म्हणे, बाई, तुमी पडान अन् नोकरी माही जाईन."

"मंग? बरोबरच बोललतो."

"बरोबरच बोलले. आता माहं आयका. तुमी पडान अन् नोकरी त्या पोरीची जाईन."

तानबाजींचा चहा थंड झाला. त्यांच्या गाडीत कधी कुणी पडलं नव्हतं. या गोष्टीचा त्यांना केवढा अभिमान, आणि रक्षाच्या गाडीतले ते एकटेच ऐकत नव्हते. रात्री जेवणही त्यांना धड गेलं नाही.

सकाळी ते न्हाणीघरात गेले. रक्षा नेहमीसारखी दाराशी. तानबाजींनी मन घट्ट केलं, हात पुढे केला, जन्मात पहिल्यांदा दांडी धरली आणि तिच्यावर भार टाकला.

दांडी भिंतीतून सुटून हातात आली. सोबत मूठभर पलस्तर आलं. तानबाजी मागे ठेवलेल्या आंघोळीच्या स्टुलावर धपकन बसले.

रक्षा आत धावली. आबाजी पंचा गुंडाळून स्टुलावर बसलेले, मांडीवर दांडी.

"धरली, पोरी," ते म्हणाले. "आता?"

रक्षानं आधी त्यांना जागचं हलू दिलं नाही. डॉक्टर येऊन पाय तपासून गेले. काही झालं नव्हतं. योगेंद्रांचा चेहरा मात्र त्या पलस्तरासारखा पांढरा पडला होता. स्क्रू आखूड होते, नुसत्या पलस्तरात बसवलेले. आणि दांड्या बसवल्यापासून कुणी ओढून पाहिल्या नव्हत्या.

"चूक आमची आहे," ते सरळ म्हणाले. निकेशला फोनही त्यांनीच केला.

दुकान तसंच टाकून निकेश तणतणत आला. "चला बाबा, आत्ताच्या आत्ता घरी!"

"काऊन?"

"काऊन म्हणजे? दांडी उपटली इथली!"

"इथं उपटाले तरी होती. घरी तं दांडीच नाई." तानबाजी खाटेवर टेकून बसले. "अन् चाक पंक्चर झालं म्हणून गाडी सोडून देतेत का? बदला म्हणा यायले."

नत्थू मिस्त्री त्याच दिवशी लांब बोल्ट घेऊन आला. वॉकर घेऊन तानबाजी त्याच्यामागोमाग निघाले. योगेंद्रांनी अडवलं नाही. प्रत्येक दांडीवर माणसाचा भार देऊन बघायचा, असं तानबाजींचं म्हणणं. पण लटकायचं कुणी? केंद्रात सगळ्यात वजनदार योगेंद्र. त्यांनी मुकाट्यानं बाह्या सरसावल्या. पुढे योगेंद्र, मागे नत्थू, मग तानबाजी आणि शेवटी पदर सावरत प्रमिलाबाई, अशी ती मिरवणूक खोलीखोलीतून फिरली. बहुतेक दांड्या टिकल्या. प्रमिलाबाईंच्या न्हाणीतली टिकली नाही. योगेंद्र थेट पाण्याच्या टबात जाऊन बसले.

"पाहा बाप्पा," प्रमिलाबाई हसू आवरत म्हणाल्या, "तिथं मी बसली असती!"

हे ऐकून योगेंद्र टबातून उठले. ओल्या कपड्यांनीच त्यांनी सांगितलं, यापुढे दर सोमवारी सगळ्या दांड्या तपासायच्या, आणि लटकायचं काम माझ्याकडे.

तानबाजी त्यानंतर रोज दांडी धरू लागले. आधी दोन हिसडे द्यायचे, मग भार टाकायचे. प्रमिलाबाई गिरडला जायच्या आदल्या दिवशी ते हळूच म्हणाले, "धरल्यावर आराम वाटते, बाई. इतके वर्सं उगाच पायांचे हाल केले."

महिन्यानं निकेश त्यांना घरी घेऊन गेला. नत्थूला रोहण्याला बोलावून न्हाणीघरात दांड्या बसवल्या. पुढे दिवाळीत आचलला आठवडाभर माहेरी जायचं होतं, आणि निकेशला दुकान सोडता येत नव्हतं. बाबांना कसं विचारावं, यावर नवराबायको स्वयंपाकघरात कुजबुजत होते. बाहेरून तानबाजींचा आवाज आला.

"निकेश, विसाव्यात फोन लाव. अन् त्यायले सांगजो, खाट खिडकीजवळची पाह्यजे."