घरी जावई, संघटनेत नाईक

नारायणगावापासून हाकेच्या अंतरावर आमचं गाव. गावात माजी सैनिकांची संघटना आहे. संघटना म्हणजे ग्रामपंचायतीच्या मागं एक पत्र्याची खोली, वीसेक खुर्च्या, एक लाकडी बाक आणि दर रविवारी सकाळी जमणारे चौदा म्हातारे. आमचे हे त्यांचे अध्यक्ष. सुभेदार म्हणून घरी आले त्याला वीस वर्षं होऊन गेली, पण अजून आमटीत मीठ कमी पडलं तर तसं सरळ म्हणत नाहीत. "याची नोंद घ्यावी," म्हणतात. मी घेते नोंद. मिठाचा डबा पुढ्यात ठेवते आणि आत जाते.

त्या खोलीत बसायची एक रीत आहे, ती आधी सांगते. पुढं हाताच्या खुर्च्या, त्या सुभेदारांच्या. मागं प्लास्टिकच्या, त्या हवालदारांच्या. आणि सगळ्यांत शेवटी तो बाक, नाईक आणि शिपायांसाठी. चौदा जणांत नाईक-शिपाई कुणी उरलाच नव्हता, म्हणून आम्ही बायका त्या बाकावर पोह्यांचं पातेलं ठेवायचो. फौज सोडून तीस-तीस वर्षं झालेली, कुणाचा गुडघा गेलाय, कुणाचे दात गेलेत, पण एखादा हवालदार चुकून हाताच्या खुर्चीत टेकला तर सगळी खोली त्याच्याकडं बघायची.

ह्यांना काळजी एकच, नवीन पोरं येत नाहीत. दोन तालुक्यांत इतकी पोरं रिटायर होऊन आली, कुणी टोमॅटो लावतंय, कुणी आळेफाट्याला गाडी चालवतंय, पण संघटनेत एक फिरकत नाही. "आमच्या मागं ह्या खोलीला कुलूप लागंल," असं हे रोज चहाबरोबर म्हणायचे.

आणि मला काळजी होती जावयाची.

आमचा जावई फौजेत नाईक होता. सतरा वर्षं नोकरी करून छत्तिसाव्या वर्षी घरी आला. गाव त्याचं घोडेगावच्या पलीकडं, भीमाशंकरच्या रस्त्याला, पण पोरांच्या शाळेसाठी नारायणगावात खोली घेऊन राहिलेत. माणूस सोन्यासारखा, पण आल्यापासून गप्प. पोरांना शाळेत सोडायचा, भाजी आणायचा आणि खिडकीशी बसायचा. एक दिवस लेक आली आणि माझ्या पुढ्यात बसून रडायलाच लागली.

"आई, पोरांच्या पप्पांना दिल्लीकडं मॉलमधी गार्डची नोकरी लागलीया. पुढच्या एक तारखेला जायचं म्हणत्यात. इतकी वर्षं मी वाट बघितली गं. आता पोरं मोठी व्हायला लागली आणि परत निघाले."

"का पण? इथं काय कमी आहे?"

"म्हणत्यात, इथं माझ्याशी बोलण्यासारखं हाय कोण?"

हे आतून ऐकत होते. लगेच बाहेर आले. डोळ्यांत पाणी होतं, पण सुभेदाराला त्यावर उपाय एकच माहीत. कागद आणि पेन काढलं. म्हणाले, "बोलायला मानसं पायजेत ना? देतो की. सगळ्या पोरांचं प्रेमानं स्वागत करू."

प्रेमाचं ते पत्र मी वाचलं. "सर्व तरुण माजी सैनिकांनी रविवारी ठीक ०८३० वाजता हजर राहावे. ड्रेस: ब्लेझर, मेडलसह. उशिरा येणाऱ्यास आत घेतले जाणार नाही." खाली सही, शिक्का.

"अहो, हे बोलावणं आहे का वॉरंट?" मी म्हटलं.

"फौजी मानसाला अशीच भाषा कळती," हे म्हणाले.

तरी नऊ जण आले. आमचा जावई धरून नऊ. लेकीनं कसं पाठवलं तिलाच ठाऊक. पोरं दारात आली, ह्यांनी प्रत्येकाची रँक विचारली आणि बोट दाखवलं, मागं. सगळेच नाईक नाहीतर शिपाई. पातेलं उचलून आम्ही खाली ठेवलं आणि सहा जणांच्या बाकावर नऊ बाप्ये दाटीवाटीनं बसले. मग भाषणं. पहिलं शिस्तीवर, दुसरं शिस्तीवर, तिसरं आजकाल शिस्त राहिली नाही यावर. पोहे गार झाले. मी दारात उभी राहून ह्यांना खुणा करत होते, पण भाषणाला उभा राहिलेला सुभेदार बायकोकडं बघत नाही.

शेवटी पोरांना एकेक करून उभं केलं. नंबर, रँक, नाव. आमच्यात सगळ्यांत थोरले एक हवालदार आहेत, गाव त्यांना आबा म्हणतं. एक्काहत्तरची लढाई बघितलेले ते एकटेच, म्हणून त्यांचा मान मोठा आणि त्यांचा प्रश्न ठरलेला. जावई उभा राहिला तसं आबांनी विचारलं, "लढाई कुठली बगितली?"

जावई काही बोलला नाही.

"म्हंजी न्हाई बगितली," आबा म्हणाले आणि चौदाच्या चौदा म्हातारे हसले. वाईट मनानं नाही हो, त्यांची ती नेहमीची गंमत. पण जावई खाली बसला नाही. तसाच बाहेर गेला, गाडीला किक मारली आणि गेला. पुढच्या रविवारी बाकावर पुन्हा पातेलं.

जावई निघून गेला त्याच दिवशी घरी आल्यावर मी ह्यांना धारेवर धरलं.

"घरी आला की पाण्याचा तांब्या तुम्ही स्वतः आणून देता. जावईबापू, जावईबापू करता. आणि तिथं बाकावर बसवलंत? वर हसलात?"

"तितं तो जावई न्हाई. तितं नाईक हाय."

"मग आता बसा नाईक दिल्लीला गेला की, आणि लेक इथं एकटी."

रात्री हे जेवले कमी.

माझ्या डोक्यात आलं ते धोंड्याच्या महिन्यामुळं. अधिक महिना लागला होता. ह्या महिन्यात जावयाला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करायचे, पाट मांडून रांगोळी काढायची, हे तर आलंच. आणि आमच्याकडं जावई एका घराचा नसतो, गावाचा असतो. माझी लेक म्हणजे गावाची लेक, म्हणून गावातला प्रत्येक म्हातारा त्याचा सासरा. मी स्वतः बाकीच्या तेरा घरी जाऊन आले. "गावच्या जावयाचं धोंड्याचं जेवण आहे. मान तुम्हा सगळ्यांचा. वाढायला यायचं." वाढायला म्हटल्यावर दोघा-तिघांनी मिशीवरून हात फिरवला, पण नाही कसं म्हणणार? जावई एकटा पाटावर बसणार नाही म्हणाला. मी म्हटलं, उत्तम, बाकावरचे ते आठ जण घेऊन या.

तर अंगणात नऊ पाट, नऊ ताटं आणि चौदा वाढपी. आमचे हे बादली हातात घेऊन, "डावीकडून सुरुवात! अंतर ठेवा!" पोरांना हसू आवरेना. एक जण म्हणाला, "सुभेदार साहेब, हा तर बडा खाना झाला." फौजेत वर्षातनं एखाद्या दिवशी बडा खाना असतो, तेव्हा साहेब लोक जवानांच्या ताटात वाढतात म्हणे. हे ऐकून आमच्या ह्यांची छाती फुगली. जणू कल्पना त्यांचीच.

तूप आबांकडं होतं. वाटी घेऊन ते जावयाच्या पुढं वाकले, नीट वाढायचं म्हणून उकिडवे बसले आणि गुडघा धरला. उठता येईना. दोघं धरायला धावले तर आबा खेकसले, "सोडा रं, बसतो हितंच." आणि जावयाच्या ताटासमोर मांडी घालून बसले. आता समोर बसलेत तर काहीतरी बोलायला हवं.

"तिकडं मेसमधी तूप मिळायचं का, जावईबापू?"

"मिळायचं, आबा. पण मी नाय खायचो. माझ्या जोडीदाराला लई आवडायचं, माझं पण त्याच्याच ताटात जायचं."

"कुटं असतो आता तो?"

जावयानं घास खाली ठेवला. शेजारच्या पोरांचे पण हात थांबले.

"नाय आता तो. त्या दिवशी ड्यूटी माझी होती. मला ताप होता म्हणून तो गेला."

हे बादली घेऊन तसेच उभे. आबांनी अगदी हळू विचारलं, "त्याच्या आईला भेटलास?"

"नाशिकच्या पुढं गाव आहे त्याचं. दोनदा आळेफाट्यापर्यंत गेलो. एसटी आली, नाय चढलो. काय सांगू तिला? तुझा गेला, मी राहिलो?"

आबा ताटातल्या धोंड्याकडं बघत म्हणाले, "मी बी न्हाई गेलो. माजा जोडीदार सांगलीकडचा व्हता. म्हातारीनं दोन पत्रं धाडली, येऊन जा म्हनून. आज जातो, उद्या जातो. तिसरं पत्र दुसऱ्याच कुणाचं आलं, म्हातारी गेली म्हनून." नाक पुसलं त्यांनी. "मी सगळ्यांना लढाई कुठली बगितली इचारतो ना, ते आपनच पयला आवाज चढवायचा म्हनून. मंग मला कुनी काय इचारत न्हाई. त्या दिवशी हसलो तुला. चुकलं माजं."

पंचावन्न वर्षांत त्या माणसानं हे स्वतःच्या बायकोलाही सांगितलं नव्हतं. ती माझ्या शेजारीच उभी होती, परात हातात घेऊन. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

"तू जा," आबा म्हणाले. "मी येतो संगं. पर आदी मला कुनीतरी उठवा."

तेव्हा मात्र सगळे हसले, जावईसुद्धा. कितीतरी महिन्यांनी त्याचं हसणं ऐकलं मी. मग नऊच्या नऊ जण उठले आणि सगळ्यांनी मिळून आबांना उभं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ह्यांनी कागद काढला. मी चहा देता देता वाचला. "यापुढे संघटनेत रँक पाळली जाणार नाही. सर्वांनी याची कडक अंमलबजावणी करावी." खाली सही, सुभेदार, निवृत्त, अध्यक्ष. मी कप पुढं सरकवला. सुधारणा होतेय म्हटल्यावर नवऱ्याला फार टोकू नये.

नवी पोरं त्या रविवारी आली, आणि पुढच्याही. आता कुणी कुठंही बसतं. गेल्या खेपेला एक शिपाई सरळ ह्यांच्या हाताच्या खुर्चीत बसला. हे दोन मिनिटं उभेच होते, मग बाकावर जाऊन बसले आणि अर्धा तास पाठीला कळ लागली म्हणून कुरकुरले. पोरं मोबाइलवर पेन्शनचे फॉर्म भरून देतात, म्हातारे भाषण करायला लागले की "काका, पाच मिनिटं हां," म्हणतात. आमच्या ह्यांना चाळीस वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं, मी सोडून.

पण त्या सगळ्याच्या आधी ते तिघं नाशिकच्या गाडीत बसले, जावई, आबा आणि हे. एक तारखेला चार दिवस उरले होते. दिल्लीचं तिकीट जावयाच्या मोबाइलवर आलेलं, बॅगही भरून ठेवलेली. लेक सकाळपासून माझ्याकडं येऊन बसली. मी शेंगा फोडायला दिल्या तर टरफलं ताटात आणि दाणे केरात टाकत होती.

दिवस कलता कलता ते परत आले. हे आणि आबा ओट्यावरच टेकले, दोघंही थकलेले. जावई आत आला, पाणी प्यायला.

"भेटल्या का त्याच्या आई?" मी विचारलं.

"भेटल्या, मामी. मला वाटलं व्हतं, विचारतील, तो कसा गेला. सगळं जुळवून ठेवलं व्हतं मनात. त्यांनी ते विचारलंच नाही. मी चपला घालायला लागलो तेव्हा एवढंच विचारलं, परत कधी येशील."

"मग? काय सांगितलंत?"

"म्हटलं, दर महिन्याला येईन."

लेक भिंतीशी उभी होती. तिनं घाबरत घाबरत विचारलं, "दिल्लीवरनं?"

"दिल्लीवरनं दर महिन्याला कसं जमंल?" जावई म्हणाला. "हितूनच जाईन."