उलटी खुर्ची

माझे धाकटे दीर नरहरी कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी खुर्ची उलटी करून बघायचे. चहा संपला की कपही पालथा. त्यांच्या मुलासाठी, दत्तासाठी, मुलगी बघायला गेलो तेव्हाही त्यांनी हेच केलं. पालथा कप बघून मुलीच्या आईचा चेहरा उतरला. चहा आवडला नाही म्हणजे मुलगी आवडली नाही, असंच त्या घरानं धरलं. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "भाऊजी, पोरगी बघायला आलाव का कपबशी?"

"पोरगी लई चांगली हाय, वैनी," ते म्हणाले. "पण कप बी चांगला हाय. दांडा बघा, बोट आपोआप बसतंय."

लग्न जमलं. ती सविता. येताना तो कप घेऊन आली.

शेती दत्ताच्या हाती दिल्यावर भाऊजींना हा एकच नाद राहिला. देश नवा होता तेव्हा सरकारी बंगल्यांत, दवाखान्यांत, शाळांत जे सागवानी सामान आलं, ते प्लास्टिकच्या खुर्च्या आल्यावर भंगारात निघालं. केज, अंबाजोगाई, परळी, जिथं भंगारवाला असेल तिथून भाऊजी ते उचलून आणायचे. तिरप्या पायांच्या, वेतानं विणलेल्या खुर्च्या. एकही फूल नसलेल्या चिनी मातीच्या किटल्या, बरण्या. आमच्या युसूफ वडगावात खुर्चीला सिंहाचे पंजे असले की ती भारी. भाऊजींना ते चालायचं नाही. "नक्षी म्हंजे लई बोलणारा माणूस," ते म्हणायचे. "हिच्यात दाखवायला काईच न्हाई. म्हणून बघत बसावं वाटतंय." मला त्यातलं फार कळायचं नाही. पण त्यांच्या एका खुर्चीत बसले की कंबर दुखायची नाही, एवढं खरं.

गेल्या वर्षी त्यांना दम लागायला लागला. अंबाजोगाईच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. इकडे दत्ताच्या मुलीचं लग्न ठरलेलं. आमच्याकडे लग्न निघालं की घर रंगवतात, आणि डब्यात रंग उरला की दारं, खिडक्या, खाट, जे समोर येईल ते रंगवतात. दत्तानं बापाच्या खुर्च्यांना चॉकलेटी ऑइलपेंट दिला. जुना वेत काढून लाल-पिवळी नायलॉनची पट्टी विणून घेतली. मन लावून केलं. फरशीवर एक थेंब पडू दिला नाही.

भाऊजी घरी आले आणि दारातच थांबले. दत्ता हसत म्हणाला, "बसा अण्णा. आता पाव्हण्यात लाज न्हाई वाटायची."

ते खाली सतरंजीवर बसले. त्या दिवसापासून खुर्चीत बसणं बंद, आणि दत्ताशी बोलणंही बंद.

दत्ता माझ्याकडे आला. "मोठीआई, अण्णा कावून रुसले? मी चांगलंच केलं की."

"सागाला चिखल फासलास तू," मी सांगितलं. त्याला खरंच कळलं नव्हतं.

मग मी भाऊजींकडे गेले. "चार शिव्या द्या अन् मोकळे व्हा. पोरगं खंगायलंय."

"शिव्या कशा देऊ, वैनी? जीव लावून केलंय त्यानं. रागवायला जागाच न्हाई ठेवली."

दुसऱ्या दिवशी ते काचेचा तुकडा घेऊन रंग खरवडायला बसले. डॉक्टरांनी धुळीपासून लांब राहायला सांगितलेलं. खोकल्यानं बेजार झाले. दत्तानं हातातली काच काढून घेतली. "लगीन होऊ द्या, अण्णा. मग सुतार लावून देतो." भाऊजींनी त्याच्याकडे बघितलं नाही. खुर्ची उचलून उलटी ठेवली. बैठकीच्या चौकटीखाली ब्रश पोचला नव्हता. तिथं सागाच्या रेषा होत्या तशाच होत्या.

मग रोज ते त्या उलट्या खुर्चीसमोर बसून राहायचे. लग्नाच्या घरात सविताला ते अशुभ वाटायचं. मला वेडेपणा वाटायचा, तसं मी बोलूनही दाखवलं.

"येडा तर येडा," ते म्हणाले. "आधी खालून बघा, वैनी. वरून कुणीबी फासतंय."

लग्नाच्या तोंडावर ते गेले. दत्ताशी अखेरपर्यंत बोलले नाहीत. गेलेल्या माणसाला नावं ठेवत नाहीत, पण मी ठेवते. कपाचा दांडा एवढा बारकाईनं बघणाऱ्या माणसाला पोराचं तोंड दिसलं नाही.

तेराव्याचे पाहुणे पांगल्यावर दत्ता अंगणात खुर्ची घेऊन बसला. हातात तीच काच. रंग सागाच्या रेषांत मुरला होता, निघत नव्हता.

"पहिल्यासारखी न्हाई व्हायची, दत्ता," मी म्हणाले.

"माहीत हाय, मोठीआई."

त्यानं खुर्ची उलटी केली, खालचं लाकूड बघितलं, परत सरळ केली आणि खरवडायला लागला.