पाटलांच्या पाठोपाठ साताऱ्याला

म्हसवडच्या सिद्धनाथाच्या देवळातल्या खांबांची चित्रं काढून साताऱ्याला निघालो, तेव्हा वाटेत राजकारण भेटेल असं माझ्यासारख्या निवृत्त ड्रॉइंग मास्तराला वाटलं नव्हतं. लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून मोटार कोळशाच्या गॅसवर चालणारी. मागे भट्टी धुमसत होती आणि पुढे ड्रायव्हर.

तासाभराने एका गावी जरीचा फेटा बांधलेले पोलीस पाटील चढले आणि पुढच्या बाकावर ऐसपैस बसले. पाठोपाठ एक काटकुळा माणूस मागच्या दाराने शिरला आणि माझ्याशेजारी टेकला. धोतर विरलेलं, पण टोपी कडक इस्त्रीची. पाटलांनी मान वळवली आणि त्यांचा चेहराच उतरला.

“गेन्या, दाखला हाय का?”

“न्हाई. तुमी दिलाच न्हाई.”

“मग गाव सोडून कसा निघालास?”

“रोज सांजंला तुमच्याम्होरं हजर ऱ्हायाचं, आसा हुकूम हाय. तुमी साताऱ्याला, तर मीबी साताऱ्याला.”

“फौजदाराच्या ताब्यात देतो बघ.”

“द्या की. फौजदार तुमालाबी इचारतील, पाटील, कुनाच्या रजेनं गाव सोडलं?”

पाटील पुन्हा समोर बघू लागले. दाखल्याविना वेस ओलांडणं गेनबाला गुन्हाच होता, पण रजा पाटलांनीही घेतली नव्हती. मला हा माणूस तिथेच आवडला.

पुसेगावच्या अलीकडे चढावर मोटार बसली. सगळे उतरून ढकलू लागलो, पाटील तेवढे आत बसून राहिले. ढकलता ढकलता गेनबाने मला आपली हकिगत सांगितली. तो पारधी. त्याच्या अख्ख्या जमातीवर सरकारने गुन्हेगारीचा शिक्का मारलेला, म्हणून सकाळ-संध्याकाळ चावडीवर हजेरी आणि गाव सोडायचं तर पाटलांचा दाखला.

“कधी चोरी केली होती?” मी भीतभीत विचारलं.

“केली की. साळंच्या खिडकीभाईर बसून अक्षरं चोरली.”

त्याच अक्षरांच्या जोरावर तो जिल्ह्याच्या बोर्डावर निवडून आला होता. पण बैठकीला जायला पाटील दाखला देईनात. लागोपाठ तीन बैठका चुकल्या आणि नियमाप्रमाणे जागा गेली. त्याची तक्रार करायला विनादाखला साताऱ्याला गेला, तर तुरुंगात पडला. सुटून आला आणि पुन्हा निवडून आला. आता दोन बैठका चुकल्या होत्या आणि आज तिसरी. ती चुकली की जागा पाटलांच्या मेव्हण्याला मिळायची होती. तो सोहळा बघायला पाटील निघाले होते आणि गेनबा त्यांना स्वतःच्या हातांनी साताऱ्याकडे ढकलत होता.

“माजी सून आठ दिसांची बाळंतीन हाय,” तो एकदम म्हणाला. “तिलाबी चावडीवर यावं लागतं. बाळंतिनींची तरी हजेरी सोडा, आसा ठराव मांडायचाय. जागा गेली तर कोन मांडनार?”

कोरेगावात मोटार जेवणाला थांबली. घेवड्याची आमटी इतकी झकास, की मी बोटं चाटली. पाटलांनी मात्र तिसऱ्यांदा आमटी मागितली, तेव्हा उशीर करून बैठक चुकवायचा त्यांचा बेत माझ्याही ध्यानात आला. त्यांना टाकून मोटार सोडायची ड्रायव्हरची छाती नव्हती. गेनबा उठला आणि ड्रायव्हरला म्हणाला, “चला, पाटील वस्तीला ऱ्हात्यात हितं.” मोटार हलली मात्र, पाटील हातात भाकरी घेऊन धावत आले.

साताऱ्यात उतरल्याबरोबर पाटलांनी कंदी पेढ्यांची (खवा खरपूस भाजून केलेल्या पेढ्यांची) पुडी घेतली. मेव्हण्याला जागा मिळण्याची आशा अजून दांडगी होती. मी त्यांच्यामागून प्रेक्षकांच्या बाकावर जाऊन बसलो. कारकून सभासदांची नावं वाचत होता आणि खुर्च्यांतून “हजर” येत होतं.

“श्रीयुत गेनबा पारधी.”

दारावरच्या शिपायाशी हुज्जत घालून गेनबा धापा टाकत आत आला आणि टेबलासमोर जमिनीवर उकिडवा बसून म्हणाला, “हजर, मायबाप.”

सभागृह खो खो हसलं. लाज वाटून त्याने टोपी सारखी केली आणि उठला.

“तुमी कवातरी हजर म्हंता, आमी रोज दोनदा. सवय हाय.”

मग कुणी हसलं नाही. त्याने ठराव मांडला आणि बाळंतिणींची हजेरी सोडावी असं सरकारला लिहायचं ठरलं, तेही एकमताने.

दिवस कलताना मोटार अड्ड्यावर गेनबा पाटलांपुढे तसाच उकिडवा बसला.

“घ्या हजेरी.”

“वही चावडीत हाय,” पाटील गुरगुरले.

“मग उद्या लिवा. मी गावात हजर हुतो म्हना, न्हाईतर तुमी कुटं हुता त्ये लिवा. आन् पाटील, त्ये पेढं नासत्याल.”

पाटलांनी मुकाट्याने पुडी पुढे केली. गेनबाने दोन उचलले. एक खाल्ला आणि एक सुनेसाठी टोपीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्यावरून पुण्याला घरी परतलो. नीरेचा पूल ओलांडला, जिल्हा बदलला, तरी कुठे निघालात असं मला कुणी विचारलं नाही. जन्मभर मी असाच मोकळा हिंडलो होतो आणि त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी मात्र लाज वाटली.

दार वाजवलं तेव्हा बायकोने आतूनच विचारलं, “आलात का?”

“हजर,” मी म्हणालो. ती हसली. मला हसू आलं नाही.