कळकट पितळ

रिटायर झाल्यावर मी काय करावं, हे अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावातल्या प्रत्येक मराठी माणसाला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. कुणी योगा सुचवला, कुणी पिकलबॉल, कुणी मंडळाचं अध्यक्षपद गळ्यात घालायला बसलं होतं. मी जे निवडलं ते ऐकून बायकोची पोळी तव्यावर करपली. आठवड्यातून तीन दिवस, पाऊण तास ड्राइव्ह करून, मी एका गनस्मिथकडे जुनी पिस्तुलं दुरुस्त करायला जाऊ लागलो. मुलीने फोनवर "बाबा, सीरियसली?" एवढंच विचारलं. आयुष्यात मी एकही गोळी झाडलेली नाही, हे तिला सांगेपर्यंत तिने विषय बदलला होता.

खरं तर मी त्याच्याकडे लेथ विकत घ्यायला गेलो होतो. तरुणपणी पिंपरीच्या एका कारखान्यात लेथवर उमेदवारी केली होती आणि पुढची तीस वर्षं इथे सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे हाताला न लागणाऱ्या गोष्टींत, गेली होती. त्याने लेथ विकला नाही. मी कानस कशी धरतो ते मात्र बघितलं आणि म्हणाला, "मंगळवारी ये."

तो ऐंशीला टेकलेला. घरामागे पाइनच्या झाडांत एक गॅरेज, तेच त्याचं वर्कशॉप. बोलणं मोजकं. पिस्तूल खोलण्याआधी तो पुठ्ठ्यावर त्याचं चित्र काढायचा आणि निघालेला प्रत्येक स्क्रू चित्रात आपल्या जागी टोचून ठेवायचा, कारण दीडशे वर्षांपूर्वीचे दोन स्क्रू एकसारखे नसतात. अडलेल्या स्क्रूवर जोर करायचा नाही. तेलाचा थेंब टाकायचा आणि घरी जायचं. घरी बायको विचारायची, "आज काय केलंत?" मी म्हणायचो, "तेल घातलं." इतका सुखी मी कुठल्याच ऑफिसात नव्हतो.

त्या उन्हाळ्यात सत्तरीची एक बाई वडिलांचं पिस्तूल घेऊन आली. अक्रोडाची मूठ तडकलेली, आतली स्प्रिंग मोडलेली, आणि चापाभोवतीच्या पितळी कमानीवर कुणीतरी कधीतरी लावलेल्या चिकटपट्टीचा चिकटा. तिच्या लहानपणी दर रविवारी वडील ते भिंतीवरून काढायचे, मांडीवर घेऊन बसायचे आणि मग मिनिटभर तिच्या हातात द्यायचे. "ते उडायला नको आहे," ती म्हणाली. "त्यांच्या हातात दिसायचं तसं दिसलं की झालं." मार्चमध्ये न्यायला येते म्हणाली.

ऑक्टोबरात गनस्मिथची दाढ दुखायला लागली. दोन दिवस दुकान बंद. जाताना त्याने ती कमान माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "घरी हे क्लीन कर." त्याला म्हणायचं होतं चिकटा काढ.

घरी दसऱ्याची तयारी चालली होती. सिंकमध्ये समया, घंटा, तांब्या, निरांजन आणि भिजवलेल्या चिंचेचं पातेलं. मी कमान त्यातच टाकली. बायको म्हणाली, "अहो, विचारलंत का त्यांना?" मी म्हटलं, अगं, क्लीनच करायला सांगितलंय. चिंच, मीठ आणि माझा अंगठा. पंधरा मिनिटांत ती कमान नुकत्याच घडवलेल्या बांगडीसारखी झळकायला लागली. मी तिचा फोटोही काढला.

श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यातून ती मी ऐटीत त्याच्यापुढे ठेवली. त्याने चष्मा काढला आणि स्टुलावर बसला.

"कशाने?"

मी चिंच म्हणजे काय ते सांगितलं. आमच्याकडे देवाची भांडी तिनेच घासतात, हेही सांगितलं.

"तुमचे देव फार स्वच्छ असतील," तो म्हणाला. मग कमान उजेडाकडे धरून, "त्या माणसाच्या हाताचा रंग होता तो. सगळ्या रविवारांचा."

पितळेवरच्या त्या काळसर तपकिरी रंगाला मराठीत माझ्याकडे एकच शब्द होता: कळकट. आणि कळकट दिसलं की घासायचं, एवढंच आईने शिकवलेलं. इथली माणसं त्यालाच पॅटिना म्हणतात आणि जिवापाड जपतात. तेव्हा मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. एका बाईने आयुष्यभर जपलेला तिचा बाप मी चिंचेने धुऊन टाकला होता.

पितळ काळं करायचं एखादं केमिकल असेलच, मी म्हटलं.

"आहे. पण तिला कळेल." त्याने कमान माझ्या मुठीत कोंबली. "तुझ्या हाताने गेलं, तुझ्याच हाताने आण. साबण कमी वापर."

त्या दिवसापासून जुन्या धातूचं काम माझ्याकडून गेलं. मी भुसा झाडायचो आणि स्क्रूंच्या बरण्या लावायचो. पुन्हा कधी तो मला जुन्या कामाला हात लावू देईल का, हे विचारायची हिंमत होत नव्हती. आणि कमान माझ्या खिशात. फिरायला जाताना हातात, लायब्ररीत हातात, मंडळाच्या भजनात हातात. "त्यापेक्षा जपमाळ घ्या," बायको म्हणायची, आणि माझ्या हातांना पितळेचा वास येतो म्हणून मला पोळ्यांच्या डब्याला शिवू द्यायची नाही. डिसेंबरात पितळेची झळाळी गेली. जानेवारीत मधाचा रंग आला. फेब्रुवारीत कडेला, बोटं टेकतात तिथे, तपकिरी. रोज सकाळी खिडकीशी नेऊन मी ती बघायचो आणि लहान मुलासारखा खूश व्हायचो.

मार्चमध्ये त्याने पिस्तूल जोडलं. ती बाई यायच्या दिवशी त्याने ते माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाला, "तूच दे. आणि तूच सांग." सकाळपासून मी ते पिस्तूल दोन्ही हातांत धरून बसलो होतो. चहासुद्धा घेतला नाही.

ती आली. मी सगळं सांगितलं, चिंचेसकट. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग तिने हात पुढे केला, पिस्तूल घेतलं, बोटं कमानीवर ठेवली आणि तशीच थांबली.

"गरम आहे," ती म्हणाली.

मी माफी मागायला लागलो. तिने मान हलवली. "वडील गेल्यापासून मी हे खूपदा काढलं भिंतीवरून. दर वेळी गारच लागायचं. त्यांच्या हातातून घेताना असं असायचं."

ती गेली. गनस्मिथने फळीवरून पुढचं पिस्तूल काढलं, बरणी लावत बसलेल्या माझ्यापुढे ठेवलं आणि पुठ्ठा दिला. त्या पिस्तुलाच्या मुठीवरचं पितळ जवळजवळ काळं होतं.

"कळकट," माझ्या तोंडून निघून गेलं.

त्याने अर्थ विचारला.

"घासायचं नाही असं," मी म्हटलं, आणि चित्र काढायला घेतलं.