रस्सा पुरतो

समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंनी साठीनंतर दूध-दही सोडलं, वासराच्या वाटणीचं नको म्हणून. ते मला पटायचं. पण मटकी, चवळी भिजवून त्या काकांना वाटीभर उसळ वाढायच्या आणि स्वतः भातावर नुसता रस्सा घ्यायच्या. "मला पुरतो हो," हे ठरलेलं.

डॉक्टरांनी बजावलं होतं, कडधान्यं रोज पोटात गेली नाहीत तर स्नायू झिजतील. परवा मी त्यांच्याकडे असताना काकूंना सोफ्यावरून उठताच येईना. "वय झालं तिचं," काका जेवता जेवता म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. त्यांच्यापुढची उसळीची वाटी उचलून मी काकूंच्या हातात दिली. काकूंनी आधी काकांकडे पाहिलं. टीव्हीवरची नजर न काढता ते म्हणाले, "खा." तेव्हा कुठे त्यांनी घास घेतला.