दचकणाऱ्यांचं घराणं

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे वाचताना कोणी मला शिव्या घातल्या तर त्या मी स्वतःला आधीच घालून झालेल्या असतील. पंधरा वर्षं शहरात बस चालवली, म्हणून लोक मला धीट समजतात. ही गोष्ट मात्र माझ्या ताईची आहे. मी त्या गोष्टीत नुसता लपून बसलेला होतो.

ताई कपडे दुरुस्त करते. शिवत नाही, दुरुस्त करते. हा फरक ती प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवते, त्याला घाई असली तरी. दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मधली बोळकांडी. एक मशीन, एक आरसा, माप द्यायला एक पडदा, आणि खिळ्याला टांगलेली लांबट वही. त्या वहीत माणसांची नावं नसतात. ‘डावा खांदा खाली’, ‘बसल्यावर पोट’, ‘खोटं बोलतो, कंबर दोन इंच जास्त’ असं काहीबाही असतं. ती म्हणते, माणूस दाढी काढतो, टक्कल पाडून घेतो, पण खांदा बदलत नाही. जिभेला तिच्या हाड नाही. नवरा परगावी नोकरीला, महिन्यातून दोनदा येतो, तो तिला घाबरून असतो. मीही असतो.

तिची मुलगी नऊ वर्षांची. एका जागी ठरत नाही, म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणतो. शाळेत नवी विजेची घंटा बसवली, त्या दिवशी भिंगरी नेमकी तिच्याखाली वाकून बुटाची नाडी बांधत होती. घंटा वाजली आणि पोरगी तशीच कलंडली. अर्ध्या मिनिटात उठून बसली आणि विचारायला लागली, सगळे असे काय बघताय? बाई ताईला बोलावून म्हणाल्या, सकाळी काही खाल्लं नसेल. ताई म्हणाली, माझी मुलगी उपाशी घराबाहेर पडत नाही, आणि तिला उचलून तडक दवाखान्यात घेऊन गेली. मला डेपोत फोन आला, मीही धावलो.

डॉक्टरीणबाईंनी छातीचा आलेख, म्हणजे ईसीजी, काढला. कागदाची पट्टी उजेडात धरून त्या म्हणाल्या, “दोन ठोक्यांच्या मधली ही शेपटी जरा लांब आहे. पण काठावर आहे. नुसत्या एवढ्यावरून मी हिला जन्मभराच्या गोळ्या लावणार नाही. रक्ताची तपासणी बाहेर पाठवू, तिला काही महिने लागतात, आणि तिच्यातही कधी कधी काही सापडत नाही.”

“आणि तोवर?” ताईने विचारलं.

“तोवर माहिती आणा. असल्या गोष्टी रक्तातून येतात. घराण्यात कोणी तरुणपणी अचानक गेलंय का? झोपेत, दचकून? कोणी चक्कर येऊन पडायचं का?”

“छे. आमच्यात नाही कोणी.” ताई माझ्याकडे वळली. “नाही ना रे?”

“नाही,” मी म्हणालो.

मी दहा वर्षांचा असताना माझ्या पाठीमागे पितळेचा डबा पडला आणि मी स्वयंपाकघरात आडवा झालो होतो. ताई तेव्हा शाळेत होती. आईने तोंडावर पाणी मारलं आणि बजावलं, “कोणाला बोलू नकोस, पोराला फिट येते म्हणतील.” पुढे सगळं ठीक होतं. मग गेल्या वर्षी डेपोत गाडी उभी होती, इंजिन बंद. मागच्या गाडीने हॉर्न दिला. डोळे उघडले तेव्हा माझं कपाळ स्टिअरिंगवर होतं. मिनिटही गेलं नव्हतं. कोणी पाहिलं नव्हतं. मी खाली उतरलो, तोंड धुतलं आणि माझा नंबर आला तशी गाडी बाहेर काढली. हे सांगितलं असतं तर लायसन गेलं असतं. मला दुसरं काही येत नाही.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरून मी डेपोच्या उलट दिशेला चालायला लागलो. ताईला वाटलं, भाचीच्या काळजीने.

त्या दिवसापासून ताईने घरातल्या आवाजांवर दात धरला. दाराची बेल काढली. गजराचं घड्याळ उचलून शेजारणीला देऊन टाकलं. मोबाइल मुका केला. कपाटाच्या दारांना आतून कापडाच्या पट्ट्या चिकटवल्या. भिंगरी झोपली की ती तिच्या छातीवर तळहात ठेवून बसायची. आणि वहीत तिने एक पान कोरं घेतलं, त्यावर खडूच्या पेन्सिलीने चार रेघा मारल्या. कोण, वय, काय करत होतं, कसला आवाज झाला.

आई-बाबा आता नाहीत, म्हणून पहिल्यांदा आम्ही काकूकडे गेलो. आमच्या घराण्याच्या सगळ्या गमतीजमती तिला पाठ. ताईने विचारताच ती हसायला लागली. “अगं, तुमची आजीच की! भांडं पडलं की ही पडायची. आम्ही सुना मुद्दाम परात आपटायचो. म्हातारी अशी मान टाकायची, नाटकी मेली!” काकूने मान टाकून दाखवली. लहानपणी आम्हीही हा खेळ खेळायचो. काही पडलं की एकाने ओरडायचं, ‘आजी पडली!’, आणि सगळ्यांनी जमिनीवर लोळायचं.

ताई हसली नाही. “काकू, तुम्ही परात आपटायचा?”

“गंमत गं.”

“ती मरू शकली असती.”

काकूचं हसू तोंडावरच राहिलं. ताईने लिहिलं : आजी, भांडं, बरेचदा. मग तिने आत्याचं विचारलं. आत्या म्हणजे बाबांची बहीण, तेविसाव्या वर्षी गेलेली. आमच्या घरात तिच्याबद्दल आजोबांचं एकच वाक्य चालायचं, सासरी विष घालून मारली. काकूने तेच वाक्य म्हटलं, पण या वेळी जरा हळू आवाजात.

नगरपालिकेत मृत्यूची जुनी रजिस्टरं तळघरात आहेत. तिथल्या कारकुनाने हात वर केले. हवं होतं ते रजिस्टर शिवण उसवून पानं सुटलेलं, ते हाताळायला द्यायची परवानगी नाही, आणि बांधणीवाल्याचा दोन वर्षं पत्ता नाही. ताईने पिशवीतून सुई काढली, मेण लावलेला दोरा काढला. “मी बांधून देते. फुकट. इथेच बसून, तुमच्या डोळ्यांसमोर.” कारकुनाने रजिस्टर आणून तिच्यापुढे ठेवलं. ती सकाळभर त्या तळघरात स्टुलावर बसून घडी घडी जुळवून टाके घालत होती, आणि प्रत्येक पान लावायच्या आधी वाचत होती. मी तिच्यापुढे दिवा धरून उभा होतो. माझी सुटी होती म्हणून गेलो, असं मी तिला सांगितलं. खरं म्हणजे तिला काय सापडतंय ते आधी मला कळायला हवं होतं.

“हे बघ,” ती म्हणाली. बेचाळीस वर्षांपूर्वीची नोंद. आत्याचं वय, तारीख. मृत्यूचं कारण : अज्ञात. शवविच्छेदन केले. खबर देणारा : पती. खाली पत्ता.

“विष असतं तर अज्ञात का लिहितील?”

मी म्हणालो, “पैसे चारले असतील.” माझ्या तोंडून आजोबाच बोलत होते. ताईने माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं, हिला कळलं. पण ती पुढचा टाका घालायला लागली.

आतोबांनी, म्हणजे आत्याच्या नवऱ्याने, दोनदा घर बदललं होतं, तरी जुन्या शेजाऱ्यांकडून पत्ता लागला. एका चाळीसारख्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. दारावर पाटी होती, ‘दार हळू वाजवा’. ताईने ती वाचली आणि भिंतीला हात लावून थोडी थांबली. मग बोटाच्या पेराने दोनदा टकटक केलं.

आतोबा म्हणजे चष्म्याच्या काचा घासण्यात जन्म घालवलेला, वाळलेला, स्वच्छ म्हातारा. आम्ही कोण ते सांगितल्यावर त्यांनी आमच्या खांद्यांवरून जिन्याकडे पाहिलं. “तुमच्या घरचं माणूस आलं की मागून पोलीस येतात. खाली थांबलेत का?”

“नाही. माझ्या मुलीसाठी आलेय,” ताई म्हणाली, आणि शाळेतली घंटा सांगितली. ऐकताना त्यांची मान हळूहळू हलायला लागली. त्यांनी ट्रंकेतून शवविच्छेदनाच्या अहवालाचा कागद काढला. घड्यांवर मऊ पडलेला, चष्म्याच्या डबीत ठेवलेला. अंगावर जखम नाही. पोटात विष नाही. मृत्यूचं कारण निश्चित सांगता येत नाही.

“गजर मीच लावला होता,” ते म्हणाले. “सहाचा. कामावर जायचं होतं. बाळ दोन महिन्यांचं. गजर झाला, ती उठून बसली, माझ्याकडे पाहिलं आणि परत आडवी झाली. मला वाटलं, रात्रभर बाळाने जागवलंय, झोपू दे. मी म्हणालो, झोप, झोप. दाढी करून आलो. चहा टाकला. तिच्या उशाशी नेऊन ठेवला.” त्यांनी कागदाची एक घडी सरळ केली. “गजराने मेली असं मी पोलिसांना सांगितलं. ते हसले. तुमच्या आजोबांनी भर रस्त्यात माझ्या थोबाडीत मारली. मी काही म्हणालो नाही. मलाही वाटायचं, गजर लावला तो मीच.”

“आमच्या रक्तात आहे ते,” ताई म्हणाली. “गजर नसता तर दार वाजलं असतं. तुम्ही काही केलेलं नाही.”

म्हाताऱ्याने कागद घडी घालून परत डबीत ठेवला. मग म्हणाला, “हे लिहून द्याल?”

“काय?”

“आत्ता म्हणालात ते. कागदावर. तुमच्या घरातल्या माणसाच्या सहीने. माझ्या मुलाने चाळिशी ओलांडलीय, त्याला मी दाखवीन. लहानपणापासून शाळेत, गल्लीत त्याने काय काय ऐकलंय.”

ताईने वहीतलं पान फाडलं, लिहिलं, सही केली. “मुलाला म्हणावं, तूही छातीचा आलेख काढून घे. लगेच,” ती म्हणाली. त्यांनी कागद वाचला आणि माझ्यापुढे सरकवला. “तुम्हीही करा. दोघांची असली की कोणी काही म्हणणार नाही.”

पेन माझ्या हातात होतं. बेचाळीस वर्षं हा माणूस खरं सांगत होता आणि कोणी विश्वास ठेवत नव्हतं. माझ्यावर सगळ्यांचा विश्वास होता आणि मी बोललेलं खोटं होतं. मी सही केली. 

परतीच्या बसमध्ये दुपारची वेळ असल्याने गर्दी नव्हती. ताई खुशीत होती, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. “आजी, आत्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, जुन्या गोष्टींचा उपयोग होतो, पण जिवंत माणसाचा आलेख मिळाला तर शंकाच नको. माझा तर चांगला निघाला, तरी माझ्यातूनच हिच्यात गेलं असू शकतं म्हणाल्या. तू कधी काढतोस? सारखी ड्युटी सांगतोस.”

“ताई,” मी म्हणालो, “मी दोनदा पडलोय.”

ती ओरडेल असं वाटलं होतं. ती मापं घेते तशा कोरड्या आवाजात विचारायला लागली. केव्हा. कसला आवाज. किती वेळ. मी सांगत गेलो. तिने वही उघडली, आत्या लिहिली होती तिच्या खाली पेन्सिल टेकवली, आणि लिहिता लिहिता तिचा हात थांबला.

“गेल्या वर्षी, म्हणालास.”

“हो.”

“आज सकाळी गाडी काढलीस?”

“सकाळची फेरी केली. मग आलो.”

“भिंगरी तुझ्याच गाडीने शाळेत जाते,” ताई म्हणाली. “तुझ्या मागच्या सीटवर बसवते मी तिला. मामा आहे म्हणून.”

 ती उठली आणि पुढे जाऊन एकटीच बसली. उतरेपर्यंत तिने मागे वळून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी मी डेपोत गाडी चालवू शकत नाही असा अर्ज दिला आणि गाडीची किल्ली साहेबांच्या टेबलावर ठेवली. हात रिकामा झाल्यावर मला रडू आलं, आणि खरं सांगतो, थोडी सुटकाही वाटली.

त्यानंतर दोन दिवसांनी दवाखान्यात माझ्या छातीला त्या गार वाट्या लावल्या. ताई खोलीत होती, पण माझ्याशी बोलत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी माझी पट्टी पाहिली, मग भिंगरीची जुनी पट्टी काढून तिच्याखाली ठेवली. माझी शेपटी जास्त लांब होती. वळण तेच होतं.

“झालं. आता शंका नाही,” त्या म्हणाल्या. “हिच्या गोळ्या आजपासून सुरू करू. तुमच्याही.”

भिंगरी टेबलावर कोपरं टेकून पाहत होती. तिला फक्त दोन्ही वळणं सारखी दिसली. ती आनंदाने जोरात ओरडली, “मामा! आपलं सेम सेम!”

मी दचकलो. डॉक्टरीणबाई अर्ध्या उठल्या.  मी खुर्चीवर होतो, डोळे उघडे होते, भिंत जागेवर होती. काही झालं नव्हतं. मग लक्षात आलं की माझं मनगट दुखतंय. ताईने ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं, आणि ती सोडत नव्हती.